डाव्या कपाळावरची झुलपं

कपाळावर केस सोडणाऱ्या बायांबद्दल माझं मत लहानपणापासून वाईट होतं. आमच्या घरी केस म्हणजे चपचपीत तेल, मधोमध भांग आणि करकचून घातलेल्या दोन वेण्या. एखादी बट कानापाशी सुटली तरी आई डोळे वटारायची. "काय वं हे झुलपं? भुतासारखी दिसून राह्यली." पुढे नोकरी लागली, लग्न झालं, तेल कमी झालं, पण कपाळ मी मोकळंच ठेवलं. माझं कपाळ मोठं आहे आणि मला त्याचा गर्व होता. स्टेजवरच्या उजेडात ते छान दिसतं, असं कोणीतरी एकदा म्हणालं होतं, आणि असल्या गोष्टी मी विसरत नाही. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी पार्लरच्या खुर्चीत बसले आणि "फ्लिक्स करायचे आहेत" असं म्हटलं, ते काही हौसेनं नाही. त्याशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं.

स्टेजचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं एका बाईचा नट्टापट्टा वाटेल. नालवाडीत आमच्या वस्तीत एप्रिलात जयंतीचा कार्यक्रम होतो. विहारासमोर मांडव पडतो, पाहुणे येतात, पोरांची भाषणं, गाणी, सत्कार. या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. नवी सून म्हणून इथे आले, त्यानंतरच्या जयंतीला ऐनवेळी कोणी मिळेना म्हणून मला उभं केलं, आणि तेव्हापासून दुसऱ्या कोणाचं नाव कोणी काढलं नाही. बाकी माझ्यात सांगण्यासारखं काही नाही. ऑफिसात मी आवक-जावक सांभाळते, घरी माझी भाकरी अजून एका बाजूनं जाड होते. पण माइक हातात आला की मी वेगळीच बाई असायचे. गप्पा मारणारी माणसं गप्प व्हायची, रडणारं लेकरूसुद्धा वळून बघायचं. वर्षातली ती एक संध्याकाळ माझी होती, आणि उरलेलं वर्ष मी तिच्यावर काढायचे.

मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या आधी एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझा होता आणि अर्धा झोपलेला. डोळा मिटेना, भुवई खाली उतरलेली, तोंड उजवीकडे ओढलेलं. नवरा बाहेर आला, पाहिलं आणि तिथेच खुर्चीवर बसला. "वारं गेलं हे," तो म्हणाला. "लकवा हाये."

आता इथं आमच्या घरानं जे केलं ते आमचंच घर करू जाणे. माझे थोरले दीर निवृत्त मास्तर. घरातलं शेवटचं वाक्य त्यांचं. आम्ही दोरा बांधत नाही, नवस बोलत नाही, कोणाच्या पायावर नारळ ठेवत नाही, आणि या गोष्टीचा आम्हाला अभिमान आहे, असायलाच हवा. आंजीच्या पुढे एका गावात वाऱ्यावर औषध देणारा माणूस आहे, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. गाडी करून आम्ही तिथं गेलो. दिरांनी दारातच त्या माणसाला ठणकावलं, "हे पाहा बुवा, दोरा-गंडा चालणार नाई, मंतर चालणार नाई, अगरबत्ती लावाची नाई. नुसतं औषध असन तं द्या." तो माणूस लगेच तयार झाला. "नुसतं औषध देतो गुरुजी," म्हणाला. झालं. मंत्र काढून टाकला म्हणजे उरलेलं सगळं शास्त्रीय, अशी आमची सर्वांची खात्री पटली. मग त्यानं कबुतराच्या रक्तात काहीतरी कालवून माझ्या गालाला चोपडलं, वरून फडकं बांधलं, आणि हवा लागू द्यायची नाही असं बजावलं. मी आठवडाभर दारं-खिडक्या लावून त्या वासात बसले. सोडायला गेले तर दीर म्हणायचे, "घाई काऊन करता? औषधाले टाइम लागते."

मग वर्ध्याला डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरबाईंनी तारीख विचारली, मी सांगितली, तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. पहिल्या दोन-तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर, एवढं म्हणून त्या थांबल्या. दीर बाजूला उभे होते. त्यांचा मला राग आला, अजूनही येतो, पण त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. प्रेमानंच केलं त्यांनी ते.

संक्रांतीपर्यंत थोडं सुधारलं. गप्प बसले की तोंड सरळ दिसू लागलं. पण डावी भुवई उतरली ती उतरलीच, डोळा विस्फारलेला आणि पाणावलेला, कपाळ डावीकडे इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत. आणि ओठ डाव्या कोपऱ्यात घट्ट मिटत नव्हते. इथून पुढं एवढंच, असं डॉक्टरबाईंनी शेवटी सांगितलं. त्यांच्या आवाजात नरमाई होती म्हणून मला कळलं की हे नक्की आहे.

वस्तीत हे फारसं कोणाला कळलं नाही, याचं श्रेय आमच्या भागातल्या उन्हाला आणि धुळीला. इथे स्कूटीवरची बाई डोळे तेवढे उघडे ठेवून डोक्याभोवती स्कार्फ गुंडाळते, त्यामुळे मी कुठल्याच बाईपेक्षा वेगळी दिसत नव्हते. त्यावर गॉगल. ऑफिसात मास्क. घरी कोणी आलं तर मी डावा हात गालाला टेकवून बसायचे. बोटानं ओठाचा कोपरा किंचित वर दाबून धरला की शब्द नीट येतात, हे माझं मीच शोधलं होतं. समोरच्याला वाटायचं, बाई विचारात आहे. आजारी होती, बरी झाली, एवढंच लोकांना माहीत.

मार्चमध्ये महिला मंडळाची बैठक होते आणि जयंतीची कामं वाटली जातात. फेब्रुवारीत मी मुलीला म्हटलं, "मले कपाळावर केस पाह्यजे." माझी मुलगी तेव्हा अकरावीला होती. तिला कळायला वेळ लागला नाही. ती फोन घेऊन बसली आणि आम्ही दोघी जणी संध्याकाळभर बायकांची कपाळं पाहत राहिलो.

पार्लर मुद्दाम सिंदी मेघेतलं निवडलं. नालवाडीतल्या पार्लरमध्ये गेले असते तर संध्याकाळच्या आत माझा डोळा घरोघरी पोचला असता. पार्लरवाली तिशीतली, तोंडानं फटकळ, हातानं शहाणी. स्कार्फ सोडला तेव्हा ती दचकली नाही. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा इकडं तिकडं फिरवला आणि म्हणाली, "भुवया वर करा ताई." मी केल्या. म्हणजे एक केली. "बरं," ती म्हणाली, आणि कंगवा उचलला. त्या क्षणी मला ती फार आवडली.

माझ्या मनात सरळ कापलेले केस होते, भुवयांपर्यंत. तिनं साफ नाही म्हटलं. "सरळ फ्लिक्स म्हणजे पट्टी ठेवल्यासारखं होते. पट्टी ठेवली की वाकडं लगेच दिसते. एक भुवई दिसन, एक नाई दिसणार." सोबत आलेल्या मुलीनं फोनवर मधून दोन्हीकडं पडद्यासारखे उघडणारे केस दाखवले. "ते डोळ्याकडं नजर नेतात," पार्लरवाली तिला म्हणाली. "मम्मीले तं डोळ्यापासून नजर हटवाची हाये." उजवीकडून लांब भांग काढायचा, सगळे पुढचे केस डावीकडे आडवे टाकायचे, भुवईवरून, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून, गालाच्या हाडापर्यंत. लांब आणि विरळ, म्हणजे मुद्दाम झाकलंय असं वाटू नये. तिनं कोरडेच केस कापले. ओले कापले की सुकल्यावर वर चढतात, म्हणाली. कात्री उभी धरून, टोकं टोचत टोचत, थोडे थोडे. खाली पडलेल्या केसांत पांढरे बरेच होते.

मग तिनं हेअरलाइनवर बोट ठेवलं. "इथं भोवरा हाये तुमचा." डाव्या कपाळाच्या वर माझ्या केसांत जन्माचा भोवरा आहे. तो सगळे केस उजवीकडे ढकलतो. म्हणजे देवानं, आम्ही मानत नाही तरी म्हणते, झाकायची बाजू आणि केस पडायची बाजू नेमकी उलटी दिली होती. "रोज शिकवावं लागन केसाईले," पार्लरवाली म्हणाली. "मुळं ओली करून आधी उलटं वाळवा, मग सुलटं. मग रोलर. मग क्लिपा. तेल विसरा."

तो महिना मी केस शिकवण्यात घालवला. सकाळी डबे होण्याआधी मुलगी माझ्या मागे उभी राहायची, एका हातात ड्रायर, एका हातात गोल ब्रश. अभ्यास सोडून. मी ओरडायचे, ती म्हणायची, "हलू नको ना मम्मी." सुरुवातीला दुपारपर्यंत केस फुटून उजवीकडे जायचे. मग संध्याकाळपर्यंत टिकू लागले. एका रविवारी मी आरशात तिरकी उभी राहिले आणि मला जुनी मी दिसले. रडू आलं. एका डोळ्यातून नेहमीच पाणी येतं म्हणून दुसऱ्याला हात लावून पाहिला, तर तोही ओला होता.

बैठकीनंतर अध्यक्षताई घरी आल्या. वयानं मोठ्या, पोस्टातून निवृत्त, वस्तीतल्या सगळ्यांना अरे-तुरे करणाऱ्या. दारातूनच ओरडल्या, "अवो, किती दिवसानं दिसून राह्यली तू! अन् हे केस? पार हिरोइन झाली वं!" मी गालाला हात लावून हसले, अर्ध्या तोंडानं, बाकीचं केसांवर सोडून. त्यांनी सूत्रसंचालन माझ्यावर टाकलं आणि चहा पिऊन गेल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला म्हटलं, "पाह्यलं? कोनालेच नाई समजलं." इतकी खूश मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

घरी तालमी झाल्या. उजव्या हातात लाटणं माइक म्हणून, डाव्या हातात कागद. बोट गालाला लावायचं झालं तर कागद टाकावा लागायचा आणि बोटाबरोबर केस वर जायचे. मुलगी म्हणायची, "बोट नको लावू, फ्लिक्स फाटते." म्हणून बोट बंद केलं. "कसं वाटते बोलणं?" मी विचारायचे. नवरा म्हणायचा, एकदम क्लिअर. मुलगी म्हणायची, काही नाही कळत. ते खोटं बोलत नव्हते. इतके महिने ऐकून त्यांचा कान माझ्या ओठांना सरावला होता, आणि मी त्या दोघांच्या कानावर विसंबले.

जयंतीच्या संध्याकाळी ऊन उतरलं तरी मांडव भट्टीसारखा तापलेला. स्टेजवरचा मोठा कूलर नेमका उभं राहायच्या जागेवर फुंकत होता, तर मुलीनं आधीच जाऊन त्याचं तोंड पाहुण्यांकडे वळवून ठेवलं. पांढरी साडी, मोगऱ्याचा छोटा गजरा, आणि कपाळावर केस. इतके नीट बसले होते ते की मी त्यांना हातसुद्धा लावला नाही. खालून बाया अंगठे दाखवत होत्या. वंदना झाली. मी माइक घेतला.

सूत्रसंचालनाची भाषा कोणी केली कोण जाणे, पण ती सगळी ओठांवर आहे, प, ब, भ, म. मान्यवर, व्यासपीठ, प्रमुख पाहुणे, पुष्पहार, बंधू आणि भगिनी. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि माइकमध्ये फुस्स आवाज झाला. प्रत्येक शब्दाला वारा सुटत होता. घरी लाटण्यात तो ऐकू आला नव्हता. इथं स्पीकरच्या चार पेट्यांतून अख्ख्या वस्तीवर गेला. साउंडवाला धावत आला, "ताई, जरा दूर धरा." दूर धरला तर शब्दच ऐकू येईनात. त्यानं माइकवर स्पंजची टोपी चढवली. मी पुन्हा सुरुवात केली. फुस्स. त्यानं वायर बदलली. मग माइकच बदलला, घामाघूम होऊन. मागून आवाज आले, "अरे, माइक खराब हाये! चांगला आना ना बे!" कोणीतरी त्याला शिवी घातली. अध्यक्षताई खुर्चीतून उठून मोठ्यानं म्हणाल्या, "थोडं सांभाळून घ्या, आमच्या सूत्रसंचालिकेचा आवाज खणखणीत हाये, माइकनं घोळ केला."

एकाच्याही मनात आलं नाही की घोळ माझ्या तोंडात आहे. येणार कसं? चेहरा चांगला होता ना. मी तो इतका चांगला केला होता.

मला फक्त कागद खाली ठेवायचा होता आणि बोट गालाला लावायचं होतं. तेवढ्यानं शब्द नीट आले असते. सगळ्यांना दिसलं असतं आणि सगळ्यांनी ऐकलंही असतं. मी कागद टेबलावर ठेवला, हातसुद्धा वर गेला. तो केसांपाशी थांबला, एक बट सारखी केली आणि खाली आला. मी माइक बाजूला उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या पोरीच्या हातात दिला आणि घसा धरून दाखवला. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर साउंडवाला माझ्या खुर्चीपाशी आला. चांगला पोक्त माणूस. हात जोडून म्हणाला, "माफ करजो ताई. आमच्या माइकनं तुमचं नाव खराब केलं." मी मान हलवली. बोलले असते तर त्याला कळलं असतं.

त्यानंतर वर्षभर मी केस तसेच ठेवले. वाढले की सिंदी मेघेला जायचं, वाढले की जायचं. मुलीनं वाळवणं सोडलं, मी स्वतः शिकले. नवरा म्हणतो, तुले शोभते. शोभतं खरं.

यंदाच्या मार्चमध्ये अध्यक्षताई मंडळाच्या दोघी-तिघींना घेऊन घरी आल्या. हातात खोकं. उघडलं तर आत नवाकोरा माइक, बिनवायरचा. सगळ्यांनी मिळून मंडळाचा स्वतःचा घेतला होता. "मागच्या वर्षी तुह्यासोबत लय वाईट झालं," ताई म्हणाल्या. "मले तं झोप नाई आली. म्हटलं, बाहेरचा माइक नाईच पाह्यजे आता. तुह्यासाठीच घेतला हा. घे, बोलून पाह्य."

त्यांनीच बटण दाबलं आणि माइक माझ्या हातात दिला. मी तो उलटसुलट करून पाहू लागले, छान आहे, जड आहे, असं काहीबाही मानेनं सांगत. "बोल ना वं," दुसरी म्हणाली. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "मावशी, मागच्या वर्षीचा माइकही चांगलाच होता."

अध्यक्षताईंनी माझ्याकडे पाहिलं. इतके महिने सगळे पाहत होते तसं केसांकडे नाही, त्यांच्या खाली. बराच वेळ पाहिलं. मग पुढं होऊन माझ्या हातातून माइक काढून घेतला, पदरानं पुसला आणि बटण बंद केलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला होता, डॉक्टरबाईंचा झाला होता तसा. मग त्या माझ्या मुलीकडे वळल्या. "तुले जमन का वं यंदा? तुह्या आईचाच आवाज हाये तुह्याकडं."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिनं ट्रे खाली ठेवला, हात ओढणीला पुसले आणि माइक घेतला.